गोमानानांच्या तळघराचं माप

मी कोल्डरूमची कामं करते. भिवंडीत कुणाला फळं साठवायची असतात, कुणाला आइस्क्रीम, कुणाला औषधं. माणसं माझ्याकडे येतात आणि मी पहिला प्रश्न विचारते, माल किती? मालावरून खोली ठरते आणि खोलीवरून मशीन. या धंद्यात माझे केस पांढरे झाले, पण ‘माल नको मोजू, मानसा मोज’ असं सांगणारं गिऱ्हाईक एकच भेटलं. अंजूरचे गोमानाना.

नाना आता नाहीत. गावात त्यांच्याबद्दल विचारलंत तर लोक आधी त्यांच्या जमिनीवर उभ्या राहिलेल्या गोडाऊनांचं सांगतील आणि मग आवाज उतरवून म्हणतील, शेवटी म्हातारा फिरला होता. फिरला वगैरे काही नव्हता. त्यांच्याइतका सरळ विचार करणारा माणूस मी कमी पाहिलाय, फक्त तो विचार सुरू जिथून व्हायचा ती जागा आपल्या ओळखीची नव्हती. आणि मी असल्या गोष्टी मानणाऱ्या घरातली नाही, हेही सांगून टाकते. आमच्या बाबांनी देव आणि भूत दोघांनाही एकदमच उंबऱ्याबाहेर काढलं होतं. भिंतीवर बाबासाहेब आणि बुद्ध, बाकी कुणाला मज्जाव. तेव्हा जे पाहिलं तेवढं सांगते. अर्थ ज्याचा त्याने लावावा.

पहिल्यांदा ते मुलाबरोबर माझ्या ऑफिसात आले. मोठी गाडी थांबली. पुढून रुपेश उतरला, म्हणजे मुलगा. मग नाना उतरले. बुटके, काळेसावळे, पांढरा शर्ट, गळ्यात जाड सोन्याची साखळी आणि पायात रबरी चप्पल. उतरल्यावर त्यांनी गाडीचं मागचं दार उघडलं आणि ते धरून उभे राहिले. एखाद्या म्हाताऱ्या माणसाला उतरायला वेळ लागतो तेवढा वेळ उभे राहिले, आणि मग दार हलकेच लावलं. मागे कुणी नव्हतं. मी ड्रायव्हरकडे पाहिलं तर तो मोबाइल बघत होता. त्याला हे रोजचंच असावं.

आत येऊन नाना खुर्चीपाशी थांबले, हळूच म्हणाले, “सरकून घे,” आणि अर्धी खुर्ची सोडून काठावर बसले. मला वाटलं मला म्हणाले, म्हणून मी माझी खुर्ची सरकवली. रुपेश कपाळाला हात लावून हसला.

काम रुपेशचं होतं. त्याला घरी वाइन सेलर हवं होतं. गोडाऊनं भाड्याने देता देता बाहेरून माल आणणाऱ्या शेठलोकांशी त्याची ऊठबस झाली, ते बाटल्या भेट द्यायला लागले, मग हा नाशिकला जाऊन द्राक्षांचे मळे पाहून आला आणि ग्लास दांडीला धरून गोल फिरवायला शिकला. नाना त्या वाइनला ‘आंबलेला शरबत’ म्हणायचे. फ्रिजमध्ये बाटल्या खराब होतात, बंगल्याच्या मागच्या अंगणात जमिनीखाली खोली काढायची, असा बेत होता. मी माझी नेहमीची टेप लावली. महिन्याला किती बाटल्या उघडता? किती नुसत्या ठेवायच्या, आणि किती वर्षं? दोन्ही भिंतींना फळ्या, मध्ये चालायची वाट, आणि या सगळ्यावर थोडी वाढीची जागा धरायची, कारण वाइनचा शौक असलेल्या माणसाच्या बाटल्या कधी कमी होत नाहीत.

नाना सगळं ऐकून घेऊन म्हणाले, “आनि बसनार कोन कोन?”

“नाना, सेलरमध्ये कुणी बसत नाही. बाटल्या आडव्या ठेवतात.”

“बाटल्या झोपू देत. बसनार कोन ते मोज.”

रुपेश म्हणाला, “मॅडम, ते तुम्हाला हळूहळू कळेल.”

कळलं ते असं. नानांच्या घराण्यात एक रीत होती. खाडीच्या अंगाला, शेताच्या बांधावर भेंडीचा जुना वृक्ष होता आणि त्याच्याखाली गेलेल्या माणसांची जागा. तिला ते थारा म्हणायचे. घरातलं कुणी गेलं की दिवसकार्य उरकल्यावर त्याला बोलवत बोलवत तिथे न्यायचं आणि बसवायचं. भाद्रपदातल्या अवसेला तिथे भात, सुकट आणि थोडी दारू ठेवायची. गेलेले तिथे बसलेले असतात म्हणून घर जित्या माणसांना मोकळं राहतं, असा साधा हिशोब. मग गोडाऊनं आली. शेत गेलं, बांध गेला, भेंडी गेली, आणि थारा होता तिथे आता माल उतरवायला कंटेनर मागे घेतात.

“बापाच्या अंगावरून टायर जातो, बाय,” नाना म्हणाले. पाऊस पडतोय म्हणावं तसं म्हणाले.

“मग ती माणसं कुठे गेली?” मी चेष्टेनेच विचारलं.

“कुठं जातील? काही तिथंच हाईत, बाकी घरी आयली.”

हे एवढंच असतं तर मीही हसून सोडून दिलं असतं. पण त्या घरात रुपेशची बायको होती, प्राची. कोन गावची मुलगी, शाळेत विज्ञान शिकवायची. तिला दोनदा दिवस गेले होते आणि दोन्ही वेळा तिसऱ्या महिन्यात सगळं संपलं होतं. आता तिसऱ्यांदा होती आणि चौथा महिना नुकता लागला होता. डॉक्टर म्हणत, दोष कुठेच नाही. नाना म्हणत, “घरात जागा कुठं हाय? नवं मानूस येतं, बगतं, परत जातं.”

मी जागा बघायला गेले त्या दुपारी प्राचीने मला चहा दिला आणि समोर बसली. बसण्याआधी तिने सोफ्यावर हात फिरवला, रिक्षाची ओली सीट चाचपावी तसा. माझी नजर तिच्या लक्षात आली. म्हणाली, “मॅडम, मी पोरांना गुरुत्वाकर्षण शिकवते. पण दुपारी घरात एकटी असते ना, तेव्हा बघितल्याशिवाय मला बसवत नाही. नानांची खोली लवकर होऊ दे.” तिचा एक हात सारखा पोटावर होता. मला तिची भीती वाटली नाही, कीव आली, आणि त्या घरातून लवकर निघावंसं वाटलं हेही खरं.

तर खोली कशासाठी हे रुपेशच्या आणि नानांच्या डोक्यात निरनिराळं होतं, पण मापाबद्दल नाना त्याच्यापेक्षा कडक होते. “ल्हान झाली तं कोनतरी वर राहील,” ते मला बजावायचे. “मोठी झाली तं रिकामी जागा मानूस मागंल. बरोब्बर काढ.” इतक्या वर्षांत कुठल्या इंजिनियरने मला माप का चुकू नये हे इतक्या थोडक्यात सांगितलेलं नाही.

आणि माप त्यांनी स्वतःच काढलं. लग्नाच्या मांडवाचं माप त्यांच्यात पंगत बसवून काढतात म्हणे. एका सकाळी त्यांनी मागच्या अंगणात समोरासमोर दोन ओळींत पत्रावळी मांडल्या आणि भाताचं पातेलं घेऊन वाढायला लागले. पंगतीला कुणी नव्हतं. मिस्त्री, मी आणि रुपेश भिंतीशी उभे. नाना एकेका पानापाशी वाकायचे, मूठभर भात घालायचे आणि मला सांगायचे, “हा माजा थोरला भाव. गुडघा वाकत न्हाय, पाय लांब करून बसतो,” आणि ते पान वीतभर पुढे सरकवायचे. “ही आत्या. हिच्याजवल कोनाला चिकटून बसवू नको, कोपर मारते.” मला हसू आलं, तेही हसले. एका पानापाशी मात्र दोन मुठी भात घातला. समोर मांडी घालून जरा वेळ बसले. ती रुपेशची आई, हे मला रुपेशच्या चेहऱ्यावरून कळलं.

ऊन वाढलं तशी मी सावली बघून ओळीत दोन पानांच्या मध्ये टेकायला गेले. नानांनी झटकन हात वर केला. “उठ बाय. तिथं न्हाय.” रागावले नव्हते. घाबरले होते.

अंजूरमध्ये कावळ्यांची काय कमी? मासळीचा वास आला की अंगणात पडतात. त्या सकाळी ते कंपाउंडच्या भिंतीवर ओळीने बसून होते आणि उघड्यावर एवढा भात वाढलेला असून एकही खाली उतरला नाही. माणसं जेवत असताना ते जसे लांबून वाट बघतात, तसे बघत होते. मग नाना उठले, हात धुतले, म्हणाले, “झालं जेवून,” आणि मिस्त्रीने पानांच्या मागून पांढऱ्या फक्कीची रेघ ओढली. त्यानंतर कावळे आले.

मी त्या रेघेचं माप घेतलं आणि ऑफिसात येऊन रुपेशच्या बाटल्यांचा हिशोब मांडला. फळ्या, वाट, दार, सगळं धरलं. वाढीची जागा वगळली तर माझी खोली नानांच्या फक्कीवर येऊन थांबत होती. पुन्हा केला. पुन्हा तेच. मी कॅल्क्युलेटर बंद करून चहा मागवला.

दुसऱ्या दिवशी हे मी दोघांना सांगितलं. रुपेश म्हणाला, “पण मॅडम, वाढीची जागा हवी म्हणून तुम्हीच बोललेलात.”

“कसली वाढ?” नानांनी विचारलं.

प्राची ट्रे घेऊन दारात उभी होती.

“हितं वाढ नको,” नाना म्हणाले. रुपेशने मान हलवली आणि नकाशा फक्कीच्या मापाने ठरला. फळ्यांच्या खाली भिंतीलगत कडाप्प्याचा बुटका ओटाही धरला. पाहुण्यांना सांगायला रुपेशने कारण तयार ठेवलं होतं, खोकी ठेवायला.

खणताना अडचण आली ती खाडीची. पुरुषभर खाली गेलं की खारं पाणी. मिस्त्री म्हणायचा, “चाचा, नीचे पूरा दरिया है.” भिंती काँक्रीटच्या, बाहेरून पाणी न झिरपणारा थर, आणि झिरपलंच तर ते जमा व्हायला एक कुंडी आणि पंप. कुंडी मी नकाशात जिन्याखाली दाखवली होती. काम अर्ध्यावर असताना शेलार गावात नानांच्या नात्यात लग्न निघालं. आगरी लग्न म्हणजे हळदीपासून सगळं. नाना तिकडे मुक्कामालाच गेले. तेवढ्यात रुपेशने मिस्त्रीला सांगून टोकाची भिंत बाहेर घेतली आणि कुंडी तिकडे नेली. वाईट हेतूने नाही. त्याला खरंच वाटत होतं की म्हाताऱ्याला काय कळणार, आणि बाटल्या तर वाढणारच.

नाना परत आले तोवर काँक्रीट सुकलं होतं. त्यांना घेऊन मीच खाली उतरले. कुठल्याही खोलीत शिरण्याआधी ते खाकरायचे, रिकाम्या खोलीतसुद्धा. तसे खाकरले, आणि ओट्यावरून हात फिरवत निघाले. ओठ हलत होते. थोरला, त्याच्या पायांची जागा, आत्या, तिच्या बाजूला मोकळं. पलीकडची बाजू झाली. टोकाशी हात थांबला आणि तिथेच दगडावर चाचपत राहिला.

“ह्ये कोनाचं?”

रुपेश जिन्यावर होता. “नाना, ती थोडी वाढीची जागा.”

मी टेप लावली. एक माणूस नीट मांडी घालून बसेल एवढी जागा जास्त होती.

नाना ओरडले नाहीत. जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसले आणि मुलाकडे वर बघून म्हणाले, “रुपेश, तू कोनाला जागा केलीस?”

रुपेशचा चेहरा पांढराफटक पडला. नाशिकहून आणलेलं सगळं शहाणपण त्या एका प्रश्नाने उतरलं. त्याच दिवशी त्याने मला फोन करून विचारलं, ती जागा बुजवता येईल का? येत नव्हती. कुंडी तिथेच होती, तोंडावर पावसाळा, आणि कुंडी बुजवली तर खाडी थेट खोलीत. पुढे फळीची भिंत उभी केली तर नानांनी बोटाने वाजवून बघितली. “मागं पोकल हाय.” रुपेशने तिथे बाटल्यांची खोकी रचली. “बाटली मानूस न्हाय,” नाना म्हणाले. त्यानंतर ते प्राचीसमोर यायचे टाळू लागले. तिचा पाचवा चालू होता.

सर्वपित्रीला त्यांनी आपली माणसं खाली आणली, आधी घरातली, मग थाऱ्यावर उरलेली. मी काचेचं दार बसवून घ्यायला गेले होते आणि गोडाऊन बंगल्यापासून हाकेवरच होतं, म्हणून मला दिसलं. भर दुपारी नानांची गाडी गोडाऊनच्या फाटकातून आत गेली, माल उतरवतात त्या ठिकाणी थांबली. मागून एक कंटेनर हॉर्न देत होता. ड्रायव्हर खिडकीतून ओरडला, “चाचा, गाड़ी लगानी है!”

“दो मिनट ठैरो बेटा,” नाना म्हणाले, “बुजुर्ग लोग बैठ रहे हैं.” आणि मागचं दार धरून उभे राहिले. त्या ड्रायव्हरने रिकाम्या सीटकडे पाहिलं, नानांकडे पाहिलं, आणि इंजिन बंद केलं.

एका खेपेत मावेनात. गाडी घरी यायची, नाना दार उघडायचे, थांबायचे, जिन्यापर्यंत सोबत करायचे, पुन्हा जायचे. त्यांचा ड्रायव्हर घाम पुसत माझ्याजवळ आला. “ताई, फाटकाचा चढ रोज आरामात चढते गाडी. आज चढतच न्हाय.” मी म्हटलं, क्लच तपासून घे.

त्यानंतर वरचं घर हलकं झालं, असं प्राची म्हणाली. ती हात न फिरवता सोफ्यावर बसायला लागली.

आठव्या महिन्यात एका दुपारी तिला अचानक अंगावरून जायला लागलं. रुपेशने तिला उचलून गाडीत घातलं. नाना गाडीपर्यंतही गेले नाहीत. पुढचं रुपेशने मला नंतर सांगितलं, स्वयंपाकीणबाईंकडून ऐकून. नानांनी कानटोपी घातली, घोंगडी खांद्यावर टाकली आणि मागच्या जिन्याने खाली उतरले. दारात खाकरले. ओट्याच्या टोकाला जाऊन म्हणाले, “सरकून घे,” आणि त्या जागेवर मांडी घालून बसले.

इस्पितळात रक्त थांबलं. इंजेक्शनं दिली होती, त्यांनी थांबलं असेल. मीही तेच म्हणते. मुलगी दिवस भरल्यावर झाली, धडधाकट, आणि आई-मुलगी दोघी घरी आल्या.

नाना मात्र वर यायचे ते आंघोळीपुरते आणि जेवणापुरते. जाताना आपला रुमाल जागेवर टाकून जायचे, एसटीत टाकतात तसा, आणि घास गिळतच परत धावायचे. तेवढ्या वेळात पोरीच्या खोलीकडे फिरकायचे नाहीत. “रुमाल कवरा वेल जागा धरनार?” त्यांना तिची हौस नव्हती असं नाही. कुणीही खाली गेलं की पहिला प्रश्न, “आज काय करते ती?” पण तिला त्यांनी मांडीवर घेतलं नाही. एकदाही नाही. मला याचं फार वाईट वाटायचं, आणि रागही यायचा. कुणाचा, ते कळायचं नाही.

रुपेशने एकदा मला बाजूला घेतलं. “मॅडम, तापमान वाढवा. वाइन गेली खड्ड्यात. त्यांना खोकला झालाय.” मी वाढवायला गेले. नानांनी घोंगडीतून हात काढून मला थांबवलं. “ऱ्हाऊ दे, बाय. ह्यांना गारवा बरा वाटतो. टायरखाली लई तापली होती सगली.”

शेवटचं पाहिलं ते मशीनची सर्व्हिसिंग करायला गेले तेव्हा. बाहेर उन्हाने जीव जात होता आणि आत नाना कानटोपीत. दोन्ही बाजूंना रुपेशच्या बाटल्या आडव्या, त्यांच्या खाली मोकळा ओटा, आणि टोकाला हे. बरेच वाळले होते. मी जाळी साफ केली, हत्यारं भरली आणि न राहवून म्हटलं, “नाना, तुम्ही वर जाऊन पोरीला जरा घ्या. तोवर मी बसते इथे.” हे मी बोलले, बाबांची मुलगी.

“तू न्हाय, बाय,” ते म्हणाले. “ही जागा मानूस वलखते. तिनं मना वलखलंय. बरं चाललंय.”

तेवढ्यात प्राची मुलीला कडेवर घेऊन जिना उतरली आणि दाराबाहेर उभी राहिली. ती रोज त्या वेळी यायची. आपल्याकडची दमट हवा आणि आतला गारवा, त्यामुळे दाराची काच बाहेरून सारखी धुरकटते. प्राचीने ओढणीने ती पुसली. मुलीने आत पाहिलं. नानांकडे नाही. आधी दाराजवळच्या ओट्याकडे, मग त्याच्या पुढे, मग आणखी पुढे, एकेका ठिकाणी नजर थांबवत. पाहुण्यांनी भरलेल्या खोलीत आणलेलं मूल बघतं ना, तसं. एका ठिकाणी ती तोंडभर हसली आणि तिने हात पुढे केला.

“आजी हाय तुजी,” नाना आतून पुटपुटले.

मुलीची नजर पुढे सरकत गेली. ओट्याच्या टोकाकडे येत होती. नाना तिच्याकडे बघत अर्धे उठले, पण तिथेच थबकून पुन्हा खाली बसले आणि त्यांनी नुसता हात वर केला. तोवर काच धुरकटली होती. बाहेर प्राची ती घाईघाईने पुसायला लागली, आणि नाना हात तसाच वर धरून बसले.